मदत हवी आहे: नववीच्या मुलांना दशांश अपूर्णांकांचा अंदाज यावा म्हणून वर्गात काय घेता येईल?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. मराठी माध्यम, एका तुकडीत साठच्या आसपास मुलं, तासिका ३५ मिनिटांची आणि त्यातली पाच हजेरीत जातात. स्मार्ट टीव्ही आहे, पण तो मुख्याध्यापकांच्या खोलीत!

अडचण अशी की नववीला वास्तव संख्या सुरू करताना सहज विचारलं, ०.६ मोठी की ०.४५? निम्म्याहून जास्त हात ०.४५ साठी वर. कारण विचारलं तर, "बाई, सहापेक्षा पंचेचाळीस मोठेच ना." याच मुलांना छेदाचं परिमेयीकरण (छेदातलं वर्गमूळ घालवणं) धडाधड येतं. शून्य लावून दोन्हीकडे घरं सारखी करा, असं सांगितलं की चाचणीपुरतं जमतं, पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. १/३ + १/४ = २/७ हे तर ठरलेलंच. २९८ × ५ म्हटलं की वही उघडतात; पंधराशे वजा दहा हे डोक्यातच येत नाही.

मणी-काड्या आणल्या की "हे दुसरीतलं आहे" म्हणून खिदळतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा.

एकच गोष्ट छान चालली. देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर, त्यांचा ६१७४ हा अंक-खेळ. कुठलीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक जण तिथेच पोहोचतो. एकीने २१११ घेतली, उत्तर ९९९ आलं आणि पुढच्या पायरीला थेट शून्य. "बाई, माझं अडकलं!" शेजारणीनेच दाखवलं की ते ०९९९ लिहायला हवं, मग ९९९० वजा ०९९९. हातच्याची चूक झाली की गाडी भलतीकडे जाते आणि पोरं स्वतःच मागे जाऊन शोधतात. मला तपासावं लागलं नाही.

असंच काही दशांश, अपूर्णांक आणि ऋण संख्यांसाठी आहे का? बिनखर्चाचं, सगळा वर्ग गुंतेल असं, आणि चूक मुलांची मुलांनाच कळेल असं.

खडूफळा:
ताई, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधा, टोकांना ० आणि १. चिठ्ठ्यांवर ०.६, ०.४५, १/३, ३/५, ४०%, ०.०९ लिहून वाटा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी लावायला सांगा. ३/५ आणि ०.६ एकाच जागी येतात तेव्हा खरी भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. आपण मध्ये बोलायचं नाही, हेच अवघड. वाद मिटला नाही तर शिवणकामाची टेप काढा: ०.६ मीटर म्हणजे ६० सेंमी. पैशांचं उदाहरण टाळा, या मुलांनी सुटे पैसे पाहिलेलेच नाहीत.

गल्लीतला अंपायर:
क्रिकेट घ्या. ३.४ षटकं आणि २.५ षटकं मिळून किती? ५.९ म्हणणाऱ्याला बाकीचे सोडत नाहीत. २२ आणि १७, म्हणजे ३९ चेंडू, म्हणजे ६.३. मग विचारा, धावगती काढताना १९.३ षटकांसाठी कशाने भागायचं? १९.५ ने, हे ज्याला पटवून देता आलं त्याला दशांश चिन्हानंतरचं घर कळलं असं समजा. फक्त हे सुतळीच्या नंतर घ्या, आधी घेतलंत तर घोळ वाढेल.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. सुतळी सोमवारीच बांधते. १९.३ चं मी आठवीलाही घेईन, तिथे अर्धा वर्ग मैदानातच असतो.

ऋण संख्यांचं मात्र राहिलं. पत्ते वापरायचे डोक्यात आहे, काळे पत्ते धन आणि लाल पत्ते ऋण. पण शाळेत पत्ते आणले म्हणून पालकसभेत ऐकून घ्यावं लागेल. पत्त्यांशिवाय कोणी काही केलंय का?