मदत हवी आहे: व्हर्जिनियन रेल्वेच्या मॉडेलमध्ये ओव्हरहेड तारा कशा करू?

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याचे आजोबा वेस्ट व्हर्जिनियातल्या मलेन्सला व्हर्जिनियन रेल्वेत ब्रेकमन होते. त्यांच्या आठवणीसाठी, खरं तर सासऱ्यांच्या आग्रहाखातर, मलेन्स ते क्लार्क्स गॅप हा घाट एचओ स्केलमध्ये (१:८७) करतेय.

ही रेल्वे म्हणजे खाणीतला कोळसा नॉरफोकजवळच्या सेवेल्स पॉइंट बंदरात नेणारी लाइन. १९०९ मध्ये पूर्ण झाली, १९५९ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्नमध्ये विलीन झाली. मलेन्स ते रोअनोक हा भाग १९२५ च्या सुमारास विजेवर आला. सासऱ्यांना तीच विजेची इंजिनं हवीत, वाफेची चालणार नाहीत म्हणे!

घाटाचा चढ सुमारे २ टक्के. म्हणजे १० सेंटिमीटर उंची गाठायला सरळ ५ मीटर रूळ लागतात, आणि माझी खोली तेवढी लांब नाही. वळसे घालून चढवलं, तर हॉपरची (कोळसा वाहणाऱ्या उघड्या डब्यांची) लांब गाडी वळणावर आतल्या बाजूला कलंडेल का? वजन वाढवावं, की डबे कमी करावेत?

मुख्य प्रश्न तारांचा. वीज रुळांतूनच देऊन तारा नुसत्या दिखाव्याच्या ठेवाव्यात असं माझं मत आहे. पण मग पँटोग्राफ (इंजिनाच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) तारेला टेकवावा, की किंचित खाली अडकवावा? वळणावर खांब किती जवळ घ्यावे लागतात? पितळी तार स्वतः डाग देऊन जोडलेलं कोणी आहे का? फोटो असतील तर नक्की टाका.