जलपर्णी काढल्यावर उल्हास नदी स्वच्छ झाली, असे म्हणता येईल का?

प्रश्न (कोलशेत, ठाणे)

नमस्कार. मार्चअखेरीस मुरबाडला जाताना रायते येथील पुलावर थांबलो होतो. उल्हास नदीचे पात्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जलपर्णीने भरले होते आणि पाण्याचा एक चौकोनही दिसत नव्हता. तीन आठवड्यांनी त्याच वाटेने परतलो, तेव्हा यंत्राने काढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर पडले होते आणि पाणी मोकळे, निळसर दिसत होते. ठाण्याला येणाऱ्या पाण्याचा काही वाटा याच नदीतून शहाडजवळ उचलला जातो, त्यामुळे हे दृश्य पाहून आनंद व्हायला हवा होता. परंतु मनातली शंका काही गेली नाही. जलपर्णी गेली म्हणजे पाणी सुधारले, असे मानावे का? आणि नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती आला, तर सामान्य माणसाने त्यात प्रथम काय पाहावे?

उत्तर १ (निवृत्त रसायनतज्ज्ञ, डोंबिवली)

आपली शंका योग्य आहे. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

जलपर्णी हे कारण नव्हे, लक्षण आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसली जाते, आणि अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या ताज्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. म्हणजे एक टन जलपर्णी उचलली, तर कोरडा भाग जेमतेम ५० किलो निघतो. तोही काठावर कुजत ठेवला, तर त्यातील पोषकद्रव्ये पहिल्या पावसात पुन्हा नदीतच उतरतात. म्हणून काढलेले ढीग नदीपासून दूर नेले जातात की नाही, हे मला जलपर्णी काढण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

अहवालात प्रथम विरघळलेला प्राणवायू आणि बीओडी हे दोन आकडे पाहावेत. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, ते माप म्हणजे बीओडी. आपल्याकडे ते २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून काढतात. स्नानयोग्य नदीसाठी प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावी, असा निकष आहे. याच ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेवरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते.

मात्र नमुना किती वाजता घेतला, हे आवर्जून विचारावे. जलपर्णीच्या जाड थराखाली ऊन पोहोचत नाही, वारा पाणी घुसळत नाही आणि पाने आपला प्राणवायू हवेत सोडतात, त्यामुळे तेथे तो दिवसभर कमीच राहतो. थर निघाला की सूक्ष्म शेवाळ उन्हात वाढते आणि दुपारी तीनचा आकडा उत्तम दिसतो. रात्री तेच शेवाळ श्वसन करते, सांडपाण्यातले जिवाणूही प्राणवायू ओढत राहतात आणि सूर्योदयापूर्वी पातळी सर्वांत खाली जाते. मासे मरतात ते बहुधा त्याच वेळी. दुपारच्या एकाच नमुन्यावर नदी सुधारली असे जाहीर करणे मला मान्य नाही.

उत्तर २ (बदलापूर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी नदीकाठीच वाढलो. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी जी वाहती राहते, तिचे बरेचसे श्रेय घाटमाथ्यावरच्या पाण्याला आहे. आंध्रा धरणाचे, म्हणजे मूळ भीमा खोऱ्यातले पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून खाली सोडले जाते आणि कर्जतजवळ उल्हासमध्ये मिसळते. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. त्या पाण्याने घाण विरळ होते, एवढेच. कर्जतपासून खाली प्रत्येक गावाचे नाले वाढत गेले, इमारती वाढल्या आणि सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता त्या मानाने वाढली नाही. माझ्या लहानपणी आई याच पाण्यात धुणे धूत असे. आज मी माझ्या मुलाला पाण्यात पाय घालू देत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

वालधुनीचे नाव येथे नेहमी निघते, म्हणून सांगतो: अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी ती नदी कल्याणच्या खाडीला मिळते. त्यामुळे तिचे दुःख खाडीच्या आणि मासेमारांच्या वाट्याला येते. आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी लक्ष ठेवायला हवे ते शहाडच्या वरच्या बाजूने नदीला मिळणाऱ्या नाल्यांवर.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे. नदीत इतके सांडपाणी असेल, तर घरी पाणी उकळणे पुरेसे आहे का?

उत्तर १ (निवृत्त रसायनतज्ज्ञ, डोंबिवली)

नळाचे पाणी शुद्धीकरण होऊन येते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. उकळल्याने जंतू मरतात; नायट्रेट आणि जड धातू मात्र तसेच राहतात, किंबहुना पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. खरा भार शुद्धीकरण केंद्रावर पडतो. सांडपाण्यामुळे नदीत अमोनिया वाढला की दर भाग अमोनिया-नायट्रोजनसाठी आठ ते दहा भाग क्लोरीन खर्ची पडते आणि त्यानंतरच जंतूंसाठी मोकळे क्लोरीन उरते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आपल्या सोसायटीच्या टाकीत उर्वरित क्लोरीन तपासावे. त्यासाठी लागणारी क्लोरोस्कोपची छोटी पेटी स्वस्त असते आणि तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीन आढळले, तर टाकी कधी धुतली होती ते आधी पाहावे, आणि आत येणाऱ्या पाण्यातही ते कमीच असेल, तर पाणीपुरवठा विभागाकडे दिनांक व वेळ नोंदवून लेखी तक्रार द्यावी.