आपल्याच मनातला पूर्वग्रह तुम्हाला कधी दिसला? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात ऑफिसात इंटरव्ह्यू होते, पॅनेलवर आम्ही तिघं. अमळनेरकडचा एक मुलगा आला, इंजिनिअरिंग जळगावलाच केलेलं. "आम्ही गावातल्या पान्याच्या टाकीवर सेन्सर बसवला होता" असं म्हणाला आणि खरं सांगते, ते 'पान्याच्या' ऐकलं आणि माझ्या मनाने तिथेच त्याच्यावर काट मारली. पुढची वीस मिनिटं तो व्यवस्थित बोलत होता, मी मात्र नुसती न आणि ण मोजत बसले. कम्युनिकेशनला पाचपैकी दोन दिले. शेजारच्या सहकाऱ्याने चार दिलेले. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, त्याचं कुठलं बोलणं तुम्हाला समजलं नाही? मला एकही सांगता येईना, कारण सगळंच समजलं होतं!

बहिणाबाई त्याच जळगाव जिल्ह्यातल्या. त्यांची कविता म्हणून मी शाळेत बक्षीस घेतलंय, त्या बोलीचा गोडवा वगैरे भाषणात बोललेय. आणि तिकडची बोली समोरच्या खुर्चीतून आली की मी मार्क कापते. किती वर्षं कापत आले असेन, किती जणांचे, हे आता कळायला मार्ग नाही आणि तेच मनातून जात नाहीये.

तुमचेही अनुभव लिहा. दुसऱ्यांचे नकोत, स्वतःचेच. कधी लक्षात आलं, कोणी आणून दिलं, मग काय केलंत.

*

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. सराव परीक्षेत प्रकाशाच्या अपवर्तनाची आकृती होती, ३ मार्कांची. वर्गातल्या हुशार मुलीने किरणांवर बाण काढले नव्हते, तिला ३ दिले, घाईत राहिलं असेल म्हणून. मागच्या बाकावरच्या मुलाचेही बाणच राहिले होते, त्याला २, अभ्यास नाही म्हणून. तो दोन्ही पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आला, भांडला नाही, काही बोललाही नाही, एका आकृतीवर एक बोट आणि दुसरीवर दुसरं असं ठेवून उभा राहिला. मी मार्क दुरुस्त केले, सॉरी म्हटलं.

बोर्डाच्या पेपरवर नाव नसतं ते का, हे मला त्या दिवशी पटलं. आता मी नावाचा कोपरा दुमडून स्टेपल मारतो, आणि आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं तपासतो, म्हणजे एका चांगल्या उत्तराचा फायदा पुढच्या उत्तराला मिळत नाही. अक्षर ओळखू येतंच, त्यावर उपाय सापडलेला नाही. कोणाकडे असेल तर सांगा.

*

हॉस्पिटलात बाबांजवळ होतो. राउंडला दोघं आले, एक उंच गृहस्थ आणि एक बारीकशी मुलगी. मी "डॉक्टर, रिपोर्ट कसा आहे" असं त्या गृहस्थांना विचारलं आणि मुलीला म्हटलं, सिस्टर, सलाईन संपत आलंय बघा. ते वॉर्डातले ब्रदर होते, डॉक्टर ती. तिने न चिडता सलाईनही बघितलं. माझी स्वतःची मुलगी मेडिकलला आहे हो.

*

माझा ज्योतिषावर पूर्ण विश्वास होता. कोणी नारळीकरांच्या चाचणीचं सांगितलं. २००८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच. माझ्या तोंडून लगेच निघालं, ते ज्योतिषीच कच्चे असतील. रात्री मनात आलं, हाच आकडा ९० आला असता तर मी ज्योतिषांची परीक्षा घ्यायला निघाले असते का? तेव्हापासून आमच्या गुरुजींनी सांगितलेलं तारीख घालून वहीत लिहायला लागले. आधी फक्त खरं झालेलंच लक्षात राहायचं, आता चुकलेलंही समोर दिसतं, आणि ते बरंच जास्त आहे.

*

नाशिकला असताना परप्रांतीय लोक आपली भाषा शिकत नाहीत यावर मी तावातावाने बोलायचो. बंगळुरूत सहा वर्षं काढली, कन्नड किती आली तर रिक्षावाल्याला "इल्ली निल्सी" म्हणण्यापुरती. माझ्याकडे कारण होतं ना, कामाचा लोड. त्यांच्याकडेही काही कारण असेल असं नाशिकला कधी डोक्यात आलं नव्हतं. आता क्लास लावलाय.

*

वरचं सगळं वाचून लिहायचं धाडस करतेय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता. निळ्या फुलाचा, कानाला टवका गेलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. आम्ही जातपात मानत नाही असं मी मनापासून म्हणायचे, आणि कप सासूबाईंच्या वेळेपासून तिथेच होता, म्हणून तो मला दिसायचाच नाही. लेकीने विचारलं, आई, मावशी आपल्या कपात का नाही पीत? मी म्हटलं, त्यांचा आवडता आहे तो. हे खोटं आहे हे बोलता बोलताच कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच कपात चहा दिला. मावशींनी तो ओट्यावरच ठेवला, खिडकीतून निळ्या फुलाचा कप काढला, विसळला आणि त्यात चहा ओतून घेतला. म्हणाल्या, असू द्या ताई, हाच बरा. तेरा वर्षं झालीत त्यांना आमच्याकडे. कप मी अजून फेकलेला नाही, त्यांना विचारल्याशिवाय कसा फेकू, आणि विचारायचं कसं हेही सुचत नाहीये.