मदत हवी आहे: पाल गावाजवळचा हा स्किपर (वेगानं उडणाऱ्या फुलपाखरांचा एक गट) कोणता?

जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात पालजवळ, नाल्याकाठच्या करंजांवर एक तपकिरी स्किपर दिसतोय. जाडसर अंग, मोठे काळे डोळे आणि शृंगिकेचं (डोक्यावरच्या मिशीचं) टोक आकड्यासारखं वळलेलं, त्यामुळे स्किपर हे नक्की. उडतो इतका वेगात की नजर ठरत नाही, आणि बसतो तो थेट पानाखाली, पंख मिटून. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला एक पांढरा पट्टा आहे; आतली कड रेखीव, बाहेरची तपकिरीत विरघळत जाणारी. फार देखणा दिसतो हो!

पट्टा असल्यामुळे ब्राउन ऑल हा बिनपट्ट्याचा स्किपर बाद केला. कॉमन बँडेड ऑल वाटतो, पण व्हाइट बँडेड ऑलच्या अळ्याही करंज खातात, म्हणून नुसत्या झाडावरून ठरवता येत नाही. व्हाइट बँडेडचा पट्टा जास्त रुंद असतो एवढं वाचलंय. फोटोत तो अंदाज कोनाप्रमाणे बदलतो. पंखांची वरची बाजू अजून टिपता आलेली नाही.

अभयारण्य असल्यानं पकडणं किंवा अळी घरी आणणं नाही. कॅमेरा मोबाइलचाच.

मिटलेल्या पंखांवरून या दोघांत खात्रीनं फरक करायला पट्ट्याशिवाय आणखी काय बघावं? आणि पंख उघडून बसलेला टिपायचा तर दिवसाच्या कोणत्या वेळी थांबावं?