कालच्या कोशिंबिरीत पाव कोणी घातला?

जोशी काकू (बी ३०२): सुप्रभात 🙏 काल गच्चीवर कोशिंबीर म्हणून जे पातेलं ठेवलं होतं, त्यात पाव पडलेला होता. भिजलेला. मला नाव घ्यायचं नाही. पण पुढच्या वेळी पदार्थापुढे चिठ्ठी लावावी ही विनंती.

नीलिमा (ए ५०४): नाव घ्या की काकू. मीच केलं होतं. आणि पाव पडला नव्हता, घातला होता. पान्झानेला म्हणतात. इटलीत, टस्कनीत शिळ्या पावाची करतात.

सावंत (बी १०१): मी दोनदा घेतली 😋

जोशी काकू: सावंत, तुम्ही आधी पार्किंगचं बघा.

वैद्य आजोबा (बी ४०१): कोशिंबिरीत मीठ वाढतानाच घालावे. आधी घातले की पाणी सुटते.

फर्नांडिस आंटी (ए २०३): साधा पाव नाही, पोई होती, गोव्याचा गव्हाचा पाव. मीच दिली. मडगावहून आणलेली, चार दिवसांत दगड झाली होती. फेकायच्या ऐवजी नीलिमाने सोनं केलं.

शिर्के वहिनी (बी ५०२): दुबईला लेबनानी हॉटेलात फत्तूश खाल्लं, त्यात तळलेल्या रोटीचे तुकडे असतात. वरून सुमाक, लालसर आंबट पूड. आपल्याकडे आमसुलाची पूड टाकली तरी चालेल. कृती टाक ना नीलिमा.

नीलिमा: दीड किलो टोमॅटो, नारायणगावचे, लालभडक पण टणक. मोठ्या फोडी करून मीठ लावायचं आणि १५ मिनिटं चाळणीत ठेवायचं, खाली भांडं. जे पाणी गळतं ते टाकायचं नाही, खरी चव त्यातच. त्यात लिंबू, ठेचलेला लसूण, तेल फेटायचं. पोई तुकडे करून तव्यावर कुरकुरीत केली आणि वाढायच्या २० मिनिटं आधी त्यात टाकली. बेसिल मिळाली नाही म्हणून पुदिना. दाणे भाजून भरड कुटले. थाई लोक कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये टोमॅटोबरोबर दाणे घालतात, तिथून उचललं.

वैद्य आजोबा: मीठ आधी घातले की पाणी सुटते.

नीलिमा: आजोबा, सुटायलाच हवं. ते पोई पिते.

जोशी काकू: कूटच घालायचं होतं तर आपली कोशिंबीर काय वाईट होती? टोमॅटो, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून हिंग-मोहरीची फोडणी. आपल्या पदार्थाला बाहेरचं काही लागत नाही.

ओंकार (बी १०१): काकू, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा तिन्ही अमेरिका खंडातले. १४९२ च्या आधी इथे कोणाला ठाऊक नव्हते. हिंग अफगाणिस्तानातून येतो. राहिली मोहरी.

सावंत: ओंकार, गप. परीक्षा आहे तुझी.

देशमुख (ए १०२): आमच्या वऱ्हाडात टमाटरला भेदरं म्हणतात. भेदऱ्याची चटणी खाऊन पहा एकदा, सगळे वाद मिटतात.

जोशी काकू: वाद कोण घालतंय? मी फक्त चिठ्ठी म्हटलं. मागच्या वर्षी थालीपीठ-पिझ्झाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

नीलिमा: ते माझं नव्हतं.

शिर्के वहिनी: माझं होतं. 🙏

पाटील (सेक्रेटरी): उद्या १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे. तसेच क्लबहाऊसच्या फ्रिजमध्ये उरलेले टोमॅटो कोणाचे?

नीलिमा: माझे! फ्रिजमध्ये कोणी ठेवले? गारव्याने टोमॅटोचा वास मरतो, मग नुसतं लाल पाणी चावल्यासारखं लागतं.

पाटील (सेक्रेटरी): मे महिन्यात बाहेर ठेवले तर दोन दिवसांत मुंग्या. ठेवले मी.

नीलिमा: बरं. आणि माझं पितळी पातेलं दिसत नाहीये. आत कल्हई आहे, कड जरा चेपलेली.

सावंत: आमच्याकडे नाही.

नीलिमा: पातेलं कोणाकडे आहे? सासूबाईंचं आहे.

वैद्य आजोबा: मीठ वाढतानाच घालावे.

नीलिमा: पातेलं??

जोशी काका (बी ३०२): इथे आहे. काल रात्री उरलेलं खाली आणलं होतं. संपलं. घासून आणून देतो.

सावंत: 😄😄

जोशी काकू: हा मेसेज डिलीट केला आहे

पाटील (सेक्रेटरी): उद्या १० ते १ टाकी सफाई. कृपया दुसरे मेसेज नकोत.