मदत हवी आहे: लेकीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची (आयएसआय) प्रवेश परीक्षा द्यायची आहे, ठाण्यात गणिताच्या सिद्धता तपासून कोण देईल?

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. घरात महिनाभर यावरून वाद चालू आहेत आणि मी स्वतः बीकॉम, त्यामुळे माझा इलाज चालत नाही.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो. लेक बारावी सायन्सला, एचएससी बोर्ड. अकरावीलाच जेईईसाठी इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घातली, दोन्ही वर्षांची फी भरून झाली. फिजिक्स बरं आहे, केमिस्ट्रीचा कंटाळा, आणि गणित म्हणजे जीव की प्राण. आता तिचं ठरलंय: आयआयटी नको, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला बीस्टॅट, म्हणजे संख्याशास्त्राची पदवी, नाहीतर त्यांच्याच बंगळूर केंद्रात बीमॅथ, म्हणजे गणिताची.

हे कुठून आलं तेही सांगते. माझे वडील नाशिकरोडचे. ती चौथीत असताना त्यांनी तिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ दाखवला. कुठलीही चार आकडी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा. येईल त्याचं पुन्हा तेच, शेवटी ६१७४ येतोच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. बाकीची नातवंडं दोन-तीन संख्या करून अंगणात पळाली. ही दिवेलागणीपर्यंत पाटी घेऊन बसली आणि शेवटी विचारते, "पण आजोबा, दरवेळी तेच का येतं?" तो 'का' तिच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

क्लासला नेमकं त्याचंच वावडं. तिथे मिनिटामिनिटाचा हिशोब, आणि ही एकाच गणिताच्या मागे दोन दिवस असते. गेल्या महिन्यात पालकसभेत सगळ्यांसमोर मला ऐकवलं गेलं की हे नाद बंद करा, रँक जाईल. त्या रात्री ती न जेवता झोपली. मला फार लागलं ते.

आयएसआयच्या जुन्या प्रश्नपत्रिका तिने स्वतःच उतरवून घेतल्या आहेत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर सोडवते. पहिला पेपर पर्यायांचा आहे, तो जमतो म्हणते. दुसऱ्यात सगळं लिहून सिद्ध करायचं असतं. ते तपासणारं कोणी नाही. क्लासमध्ये नेलं तर "हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून कागद परत. कालचं तिचं एक उत्तर उतरवते. प्रश्न असा, की ३ पेक्षा मोठ्या कुठल्याही मूळ संख्येच्या वर्गातून १ वजा केला तर उत्तराला २४ ने भाग जातो हे सिद्ध करा. तिने लिहिलंय:

"मूळ संख्या प. वर्ग वजा १ म्हणजे (प−१)(प+१). दोन्ही सम, म्हणून ८ ने भाग जातो. ३ नेही जातो. म्हणून २४ ने जातो."

हे पुरेसं आहे का? ठाणे, डोंबिवली, मुलुंडकडे असं तपासून देणारं कोणी आहे का? दुसरं म्हणजे जेईई आत्ताच सोडू द्यावी का? ह्यांचं म्हणणं, भरलेले पैसे वाया घालवायचे नाहीत. आणि सासूबाई रोज विचारतात की नुसतं गणित शिकून पोरगी करणार काय. त्यांना काय सांगू, तेही कोणी सांगितलं तर बरं.

---

बारानगरचा_डोंबिवलीकर

ताई, मी बीस्टॅट केलंय. आधी परीक्षेचं सांगतो. एकाच दिवशी दोन पेपर, दोन-दोन तासांचे. मी दिली तेव्हा पहिल्यात ३० प्रश्न होते: बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास शून्य, आणि कोरं सोडलं तर १. त्यामुळे अंदाजपंचे गोळे रंगवू नये, हे तिला आत्तापासून सांगा. दुसऱ्यात ८ प्रश्न. पहिल्यात ठरावीक गुण मिळाले तरच दुसरा पेपर तपासला जातो, पण खरी कसोटी दुसऱ्यातच लागते. आठातले चार पूर्ण, नीट लिहिलेले, हे आठ अर्धवट सोडवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. परीक्षा मे महिन्यात असते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा संपल्यावर मधे वेळ मिळतो. अर्ज मात्र त्याच धामधुमीत निघतो, तेव्हा वेबसाइटवर लक्ष तुम्ही ठेवा, तिच्यावर सोडू नका.

सासूबाईंना सांगा की ही संस्था महालनोबिस यांनी १९३१ मध्ये सुरू केली आणि १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. माझ्या वेळी फी जवळजवळ नव्हतीच, उलट दरमहा ५००० रुपये विद्यावेतन मिळायचं. माझ्या वर्गातले काही बँकांमध्ये आहेत, काही विमा कंपन्यांत, काही परदेशात संशोधन करतात. पण तिथे वर्गात मागे पडलं तर कोणी हात धरून पुढे नेत नाही. पहिलं सेमिस्टर मला फार जड गेलं होतं. घरी रोज फोन करायचो.

---

ऐरोलीची_आई

जेईई पूर्ण सोडू नका असं मी म्हणेन. जानेवारीची मेन द्यायला काय हरकत आहे? पैशांसाठी म्हणून नाही. आयएसआयला जागा इतक्या कमी की चांगल्या मुलांचीही हुकते. माझ्या मुलाची हुकली. त्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचीही परीक्षा दिली होती, तीही मे महिन्यातच असते आणि तिथेही सिद्धता लिहायच्या असतात, म्हणजे एकाच अभ्यासात दोन परीक्षा होतात. शिवाय आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत, आयसरसाठी आयएटी ही परीक्षा आणि नायसरसाठी नेस्ट. नेस्टमधून कलिन्याच्या यूएम-डीएई सीईबीएस या विज्ञान केंद्रातही जाता येतं, ते तर आपल्या लोकलच्या टप्प्यात. माझा मुलगा आयसर पुण्याला आहे आणि मनापासून रमलाय.

---

नौपाड्याची_गणितबाई

मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. लेकीचं उत्तर वाचलं. वाट अगदी बरोबर आहे, पण काही पायऱ्या गाळल्या आहेत, आणि नेमके तिथेच गुण जातात.

दोन सम संख्यांचा गुणाकार म्हटलं की ४ ने भाग जाणार एवढंच सिद्ध होतं. २ आणि ६ घ्या, गुणाकार १२, ८ ने जात नाही. इथे ८ येतो कारण प−१ आणि प+१ या *लागोपाठच्या* सम संख्या आहेत, म्हणून त्यातल्या एकीला ४ ने भाग जातोच. हे वाक्य लिहायलाच हवं. पुढे "३ नेही जातो" म्हणते, पण का? प−१, प, प+१ या तीन लागोपाठच्या संख्या, त्यातल्या एकीला ३ ने भाग जाणार. प मूळ संख्या आहे आणि ३ पेक्षा मोठी आहे, म्हणजे ती नव्हे. उरल्या दोनच. आणि शेवटी, ८ आणि ३ ला सामाईक अवयव नाही म्हणून २४. तिच्या डोक्यात हे सगळं असणार, माझी खात्री आहे. पण तपासणाऱ्याला डोकं दिसत नाही, कागद दिसतो.

रविवारी सकाळी तिला माझ्याकडे पाठवा. पैशांचा विषय काढू नका. आठवड्याला फक्त तीन प्रश्न, पण प्रत्येक दोनदा लिहायचा: एकदा सोडवताना, आणि दुसऱ्या दिवशी ते गणित कधी न पाहिलेल्या माणसासाठी. पाठकोरे कागद बंद, बांधीव वही आणा. मागच्या चुका तिच्यासमोर राहिल्या पाहिजेत.

---

मूळ धागाकर्ती

बाई, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. २ आणि ६ वर आल्यावर "थांब" म्हणाली आणि आत गेली. अकरा वाजता पानभर उत्तर लिहून आणलं आणि मला समोर बसवून वाक्यावाक्याला विचारलं, "आई, हे पटलं? आता हे?" तीन लागोपाठच्या संख्यांपाशी मी अडले. तिने ४, ५, ६ आणि ७, ८, ९ लिहून दाखवलं, मग ते वाक्य खोडून सोपं करून लिहिलं. मला सगळं पटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एक सिद्धता शेवटपर्यंत कळली.

जानेवारीची मेन देणार आहे, ह्यांनाही ते मान्य आहे. चेन्नईच्या परीक्षेचं तिला माहीतच नव्हतं. डोंबिवलीकर दादा, कोलकात्याच्या मुलींच्या हॉस्टेलबद्दल वेगळं विचारीन, आधी अर्ज तर भरू दे.

बाई, दोनशे पानी वही आणली आहे. रविवारी दहाला आलो तर चालेल? पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, पहिल्या दिवशी मीही सोबत येते.