चिठ्ठीवरचा ‘एक चमचा’ तुमच्या घरी कोणता?

पंचवटीचा औषधवाला
पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. परवा एक आजी पचनाच्या सिरपची रिकामी बाटली घेऊन आल्या. 200 मिलीची बाटली, वीस दिवसांची. सातव्या दिवशी संपली. “अरे बाळा, सकाळ-संध्याकाळ एकेकच घेत होते,” म्हणाल्या. घेत होत्या तेलाच्या पळीने! ‘एक चमचा’ असं मीच लिहून दिलं होतं.

रात्री घरातले चमचे सिरिंजने मोजले. चहाचा 3 मिली, पोह्यांचा 7, तेलाची पळी 15. डॉक्टरांचा चमचा म्हणजे 5 मिली. आजींचं निभावलं, पण लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं काय? पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं मिळतं, 250 चंही मिळतं. थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. ते कुणी चमच्याने पाजलं तर?

तुमच्या घरी कशाला चमचा म्हणतात, सांगाल का? गिऱ्हाइकाशी त्याच शब्दांत बोलायचं आहे.

सटाण्याची लेक
दादा, माहेरी आम्ही डाव, वगराळं, झारा, उलथनं म्हणायचो. चमचा फक्त चहा-साखरेचा. लग्न होऊन कॉलेज रोडला आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाई पंगतीत म्हणाल्या, “चमचा आण गं.” मी चहाचा नेला. त्यांना आमटी वाढायची होती! आजींचं काही चुकलं नाही हो.

तांबट लेन
आमचं भांड्यांचं दुकान आहे. चमचे मागितले की आम्ही आधी विचारतो, “खायचे की वाढायचे?” तुम्हीही हेच विचारा. आणि पळी म्हणाल तर तिच्यातही प्रकार आहेत. फोडणीची वेगळी, वाढायची वेगळी, पूजेची तांब्याची वेगळी. रामकुंडावर आचमनाला बसलेल्यांच्या हातात असते ती. तीनदा पाणी प्यायचं, चौथ्यांदा ताम्हणात सोडायचं. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढंच पाणी येतं तिच्यात. कुणी औषध घेताना ‘पळी’ म्हणालं, तर कोणती ते विचाराच.

निवृत्त शिक्षिका
चमचा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. यज्ञात सोमरस प्यायचं लाकडी पात्र, त्याला संस्कृतात चमस म्हणत. इंग्रजी स्पूनचा मूळ अर्थ तर लाकडाची ढलपी. आपण ‘पळीवाढं पिठलं’ म्हणतो तेव्हा ते किती हे सांगत नाही, किती पातळ ते सांगतो. पुढाऱ्यामागे फिरणाऱ्यालाही चमचा म्हणतो. एवढ्या अर्थांच्या शब्दावर औषधाचं माप सोपवू नका. मिलीचा आकडाच लिहा, आणि मराठीत लिहा.

पंचवटीचा औषधवाला
बाई, आजपासून तसंच केलं. चिठ्ठीवर ‘चमचा’ बंद. ‘झाकणातल्या 5 च्या रेघेपर्यंत’ असं लिहितो, आणि ती रेघ मार्करने काळी करून देतो. थेंबांच्या बाटलीसोबतचा ड्रॉपर वेगळा काढून हातात ठेवतो.

आजी आज आल्या होत्या, त्यांना पळी घेऊनच यायला सांगितलं होतं. झाकणाने 5 मिली मोजून तिच्यात ओतलं. त्यांनी पळी डोळ्यांजवळ नेली, जरा कलती केली. “एवढंसंच? हिचा तळसुद्धा नीट झाकेना,” म्हणाल्या, आणि झाकण रुमालात बांधून घेऊन गेल्या.